नवा संगणक, जुनी कार्यप्रणाली

शाळेसाठी नवा संगणक घ्यायचे ठरले की शिक्षकांच्या खोलीत एक चर्चा हमखास होते. एक जण म्हणतो, "घेतोच आहोत तर सगळं नवीनच घेऊ." दुसरा म्हणतो, "जुनंच बरं. हात बसलाय, आपला प्रिंटरही त्यावर चालतो." दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे असते. शेवटी दुकानदार जे बसवून देईल ते घेऊन आपण मोकळे होतो.

ही चर्चा म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीची, ऑपरेटिंग सिस्टीमची निवड. २००७ साली ती एकदा जगभर झाली. एका बाजूला होती विंडोज एक्सपी, दुसऱ्या बाजूला तिची जागा घ्यायला आलेली विंडोज व्हिस्टा. आज या दोन्ही प्रणाली इतिहासजमा झाल्या आहेत. त्यामुळे त्या वेळी कोणाचे काय बरोबर होते आणि कोणाचे काय चुकले, हे आता शांतपणे तपासता येते.

कार्यप्रणाली काय करते?

शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. कोणता तास कोणत्या खोलीत, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे, दप्तर कोणत्या कपाटात, हे सगळे कार्यालय पाहते. ते स्वतः शिकवत नाही; पण त्याच्यावाचून कोणालाच शिकवता येत नाही. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृती द्यायची, हार्डडिस्कवर काय कुठे ठेवायचे, कळफलक आणि प्रिंटर यांच्याशी कसे बोलायचे, हे ती ठरवते.

यातले शेवटचे काम जरा अवघड आहे. प्रत्येक कंपनीचा प्रिंटर वेगळी 'भाषा' बोलतो. म्हणून कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो. ड्रायव्हर म्हणतात तो हाच. तो कार्यप्रणालीनुसार लिहावा लागतो आणि बहुतेक वेळा उपकरण बनवणारी कंपनीच तो लिहिते. हा दुभाष्या लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याचे मोठे काम आहे.

पाच वर्षांची सवय

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तोपर्यंत विंडोजची नवी आवृत्ती दोन-तीन वर्षांत येत असे. एक्सपीनंतर मात्र पाच वर्षांहून अधिक काळ काही आले नाही. नव्या प्रणालीचे काम २००१ मध्येच सुरू झाले होते, पण ते इतके पसरत गेले की २००४ मध्ये बराच भाग बाजूला ठेवून नव्याने मांडणी करावी लागली. शिवाय ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा कृमी-प्रोग्रॅम एक्सपीच्या एका फटीतून जगभरच्या संगणकांत शिरला. कंपनीला नवे घर बांधणे थांबवून आधी जुन्या घराच्या भिंती लिंपाव्या लागल्या. ही डागडुजी ऑगस्ट २००४ मध्ये 'सर्व्हिस पॅक २' या नावाने आली.

या लांबलेल्या काळात एक्सपी मुरली. जवळपास प्रत्येक प्रिंटरला, स्कॅनरला तिचा दुभाष्या मिळाला. संगणक वेगवान होत गेले, प्रणाली मात्र तीच राहिली; त्यामुळे ती आपोआपच चपळ वाटू लागली.

व्हिस्टा आली

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागली. एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरत असे. व्हिस्टाला किमान ५१२ मेगाबाइट, आणि तिची सगळी वैशिष्ट्ये हवी असतील तर १ गिगाबाइट, म्हणजे एक्सपीच्या सोळापट, स्मृती लागे. चित्रे पडद्यावर आणणाऱ्या ड्रायव्हरची रचना मुळापासून बदलली होती. अनेक जुन्या उपकरणांचे दुभाष्ये तयारच नव्हते. काल चालणारा स्कॅनर आज मुका झाला, असा अनुभव अनेकांना आला.

त्यात पाट्यांचा घोळ झाला. २००६ साली विकल्या गेलेल्या संगणकांवर 'व्हिस्टासाठी सक्षम' अशा अर्थाच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यांतल्या काही यंत्रांवर व्हिस्टाची फक्त सर्वांत साधी आवृत्ती चालत होती. याबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला. त्यात उघड झालेल्या कागदपत्रांत मायक्रोसॉफ्टच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याची तक्रार होती, की आपला २१०० डॉलरचा संगणक आता केवळ ई-मेल पाहण्यापुरता उरला आहे!

लोकांनी जुनी प्रणाली परत मागितली. एप्रिल २००७ मध्ये डेल कंपनीने काही घरगुती संगणकांवर पुन्हा एक्सपी देऊ केली. व्हिस्टाच्या महागड्या आवृत्त्यांचा परवाना घेणाऱ्यांना तिच्याऐवजी एक्सपी बसवण्याची मुभा होतीच. एक्सपीची दुकानातली विक्री जानेवारी २००८ अखेर थांबायची होती, ती ३० जून २००८ पर्यंत लांबली. तेवढ्यात लहान, स्वस्त 'नेटबुक' संगणक आले. त्यांना व्हिस्टा पेलवत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी एक्सपी आणखी दोन वर्षे चालू ठेवावी लागली.

शाळांचा हिशेब

शिक्षकांच्या दृष्टीने या काळातला एक दस्तऐवज फार उद्‌बोधक आहे. शिक्षणातल्या संगणक-वापराबद्दल सल्ला देणारी बेक्टा नावाची सरकारी संस्था तेव्हा ब्रिटनमध्ये होती. तिने जानेवारी २००८ मध्ये आपला अहवाल दिला. इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांत व्हिस्टा आणायची तर सुमारे १७.५ कोटी पौंड खर्च येईल, असा तिचा अंदाज होता. हातात असलेल्या संगणकांपैकी जेमतेम २२ टक्के यंत्रांवर ती नीट चालली असती.

बेक्टाने व्हिस्टा वाईट आहे असे म्हटले नाही. चालू असलेल्या संगणकांवर ती चढवू नका, सगळी यंत्रणाच नव्याने उभारणार असाल तर तिचा विचार करा, आणि एकाच शाळेत दोन प्रणालींची सरमिसळ शक्यतो टाळा, असा तिचा सल्ला होता. प्रश्न 'नवे की जुने' असा न ठेवता तिने तो 'कोणत्या यंत्रावर आणि कशासाठी' असा मांडला, हे महत्त्वाचे.

एक्सपीही एकदा नवीनच होती

इथे जरा मागे जाऊ. २००१ साली एक्सपी आली तेव्हा तिच्याबद्दलही हीच कुरकुर होती. विंडोज ९८ तर १६ मेगाबाइटवर चालते, मग हिला एवढी स्मृती कशाला? जुने डॉसवरचे प्रोग्रॅम आणि खेळ हिच्यावर नीट का चालत नाहीत? म्हणजे २००७ साली जिच्यासाठी लोक भांडले, तीच सहा वर्षांपूर्वी नकोशी पाहुणी होती.

मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र ९८ आणि एक्सपी यांच्यातला फरक मोठा होता. विंडोज ९८ च्या काळात प्रत्येक मराठी फाँटची अक्षरांना क्रमांक देण्याची रीत वेगळी असे. एका कार्यालयात टंकलेले पत्र दुसरीकडे उघडले आणि तिथे तो फाँट नसला, की रोमन अक्षरांचा काला दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. 'क' चा क्रमांक २३२५. पण नुसता क्रमांक असून भागत नाही. जोडाक्षरे जुळवणे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाखवणे हे काम कार्यप्रणालीला यावे लागते. विंडोज २००० आणि तिच्यानंतर एक्सपी यांना ते येत होते. एक्सपीमध्ये ही सोय सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. व्हिस्टामध्ये ती पहिल्यापासूनच चालू होती.

म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याने ९८ सोडून एक्सपी घेतली तर त्याला मोठा लाभ होता. एक्सपी सोडून व्हिस्टा घेतली तर एक खटपट वाचत होती, इतकेच. 'नवी' हा शब्द दोन्हीकडे एकच असला, तरी लाभ सारखा नव्हता.

दोष कोणाचा होता?

२२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आली आणि लोकांनी तिचे स्वागत केले. गंमत अशी, की ती व्हिस्टाच्याच पायावर उभी होती. व्हिस्टाचा अंतर्गत आवृत्ती-क्रमांक ६.०, तर सातचा ६.१. तिलाही किमान १ गिगाबाइट स्मृती लागत होती. कंपनीने बऱ्याच सुधारणा केल्या होत्या हे खरे. पण दरम्यान स्मृती स्वस्त झाली होती आणि उपकरणांचे दुभाष्ये तयार झाले होते. व्हिस्टाची बरीचशी दुखणी ही ती लवकर आल्याची, म्हणजे आजूबाजूची तयारी नसल्याची होती.

व्हिस्टाची जी सवय सर्वांत त्रासदायक वाटली, म्हणजे महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी थांबून परवानगी विचारणे, तीच खरे तर गरजेची होती. एक्सपीमध्ये घरचा वापरकर्ता बहुधा सर्वाधिकारी असे. त्यामुळे त्याच्या हातून शिरलेल्या घातक प्रोग्रॅमलाही सर्व दारे उघडी मिळत.

मुदत संपते तेव्हा

२००७ मध्ये एक्सपी निवडणारे चुकले नव्हते. चूक पुढे झाली. प्रत्येक कार्यप्रणालीत नव्या फटी सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. पण काही ठरावीक मुदतीपर्यंतच. एक्सपीची ही मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. त्यानंतरही ती अनेक ठिकाणी चालूच राहिली. आपल्याकडे बँकांच्या एटीएम यंत्रांतही ती होती. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने मुदत संपलेल्या प्रणाली बदला, असे बँकांना सांगावे लागले.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने ब्रिटनमधल्या रुग्णालयांसह जगभर धुमाकूळ घातला. पहिला आरोप एक्सपीवर झाला आणि मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती दिली. पण नंतर दिसले, की बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठीची दुरुस्ती १४ मार्चलाच, सुमारे दोन महिने आधी, आली होती. ती बसवलेली नव्हती. म्हणजे नवी प्रणाली घेतली की सुरक्षित झालो, हाही भ्रमच.

मग निवड कशी करावी?

हा प्रश्न आजही आपल्या दारात आहे. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप लागत असल्याने अनेक धडधाकट संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. कोणी लिनक्सकडे वळते, कोणी नवे यंत्र घेते. निर्णय कोणताही असो, पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. यंत्राला ही प्रणाली पेलेल का. किमान नव्हे, आरामात? आपल्या प्रिंटरचा, प्रोजेक्टरचा ड्रायव्हर मिळतो का? आपले रोजचे काम, मराठी लेखनासह, तीवर होते का? आणि तिची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जुन्या प्रणालीच्या बाजूने जातात, असे पुष्कळदा होईल. तसे झाले तर जुनी खुशाल घ्यावी. पण चौथ्या प्रश्नाचे उत्तर, ती तारीख, संगणकावरच कागद चिकटवून लिहून ठेवावी. आपल्या शाळेतल्या प्रत्येक संगणकाची ही तारीख विद्यार्थ्यांकडून शोधून घेतली, तर संगणकाच्या तासाला एक चांगला उपक्रमही होईल.