बोंडल्यापासून वाटीपर्यंत

महाराष्ट्रांतील जुन्या घरांच्या फडताळांत अद्यापि एखादें बोंडलें सांपडतें. पुढें निमुळती चोंच असलेलें तें इवलेंसें भांडें. सधन घरीं चांदीचें, सामान्य घरीं पितळेचें. मांडीवरच्या बाळाला दूध पाजण्याचें हें साधन याच मातींत जन्मलें असावें, असें तें हातीं घेतां वाटतें. परंतु जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत लहान मुलांच्या थडग्यांतून अशींच चोंचीचीं मातीचीं भांडीं निघालीं आहेत. इसवी सनापूर्वीं १२०० ते ४५० या काळांतील अशा तीन भांड्यांत मुरलेल्या स्निग्धांशाची परीक्षा ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनीं केली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें त्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांचें दूध होतें.

पितळेचें बोंडलें आणि तें मृत्पात्र यांच्यामध्यें हजारों कोसांचें आणि हजारों वर्षांचें अंतर आहे. पण दोहोंच्या मुळाशीं असलेली चिंता एकच. आईच्या दुधाच्या जोडीला, आणि तें नसल्यास त्याच्या जागीं, बाळाच्या मुखांत काय घालावें? या प्रश्नाला माणसानें जीं उत्तरें दिलीं त्यांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा दृष्टीस पडते. अन्न कोणतें, एवढ्यावरच बाळाचें जगणें कधीं अवलंबून राहिलें नाहीं. तें अन्न कोणत्या भांड्यांत, कोणत्या पाण्यांत आणि किती दाट कालवलें, यावरहि तें तितकेंच अवलंबून राहिलें.

आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्या अन्नाची गरज नसते. पुढें मात्र हिशेब बदलतो. जन्मतांना यकृतांत सांठवून आणलेलें लोह या सुमारास सरत येतें, अंग झपाट्यानें वाढत असतें, आणि दूध एकटें पुरें पडत नाहीं. आयुर्वेदाच्या आचार्यांनीं वयाचा हा टप्पा अचूक हेरला होता. सुश्रुतसंहितेंत सहाव्या महिन्यांत हलकें व हितकर अन्न देण्यास सांगितलें आहे. काश्यपसंहितेंत सहाव्या महिन्यांत फळें आणि दांत आल्यावर अथवा दहाव्या महिन्यांत अन्न, असा क्रम आहे. महाराष्ट्रांतील उष्टावण ही याच जाणिवेची खूण होय. पण उष्टावणीचा सोहळा एका दिवसाचा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. त्या लहानग्या पोटांत रोज काय आणि कसें जावें?

युरोपांत कित्येक शतकें या प्रश्नाचें उत्तर ‘पॅप’ हें होतें. पाव किंवा पीठ पाण्यांत अथवा दुधांत शिजवून केलेली ही लापशी होडीच्या आकाराच्या लहान पात्रांतून बाळाला भरवीत. तिच्यांत एक मूलभूत उणीव होती. पीठ शिजलें म्हणजे पाणी शोषून फुगतें. बाळाला गिळतां यावी म्हणून लापशी पातळ करावी, तर तिच्यांत बहुतेक पाणीच; पोषण वाढावें म्हणून पीठ अधिक घालावें, तर तिची खळ होते. बाळाचें पोट तें केवढें! तें पाण्यानें भरून जाई, आणि मूल भरल्या पोटीं उपाशी राही.

या कोंडींतून वाट काढण्याचा एक नामांकित प्रयत्न १८६५ सालीं झाला. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें अर्भकांसाठीं एक ‘सूप’ प्रसिद्ध केलें. गव्हाचें पीठ, मोड आलेल्या बार्लीचें पीठ, गाईचें दूध आणि थोडें पोटॅशियम बायकार्बोनेट, एवढींच त्याचीं द्रव्यें. धान्याला मोड येतांना त्यांत एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें. तें पिठांतील पिष्ट फोडून त्याची साखर बनवितें. त्यामुळें दाट लापशी पळींतून ओघळूं लागते आणि तेवढ्याच वाटींत अधिक धान्य मावतें.

लीबिगनें प्रयोगशाळेंत जें साधलें, त्याचें मर्म महाराष्ट्रांतील गृहिणीला निराळ्या वाटेनें गवसलें होतें. नाचणी भिजत घालावी, फडक्यांत बांधून तिला मोड आणावे, वाळवून दळावी, वस्त्रगाळ करावी, आणि तें सत्त्व शिजवून बाळाला भरवावें, ही रीत कोणत्याहि रसायनशाळेंतून आलेली नाहीं. ती सासूकडून सुनेकडे आली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत १९८० नंतरच्या दशकांत मोड आणलेल्या धान्यांच्या पिठावर संशोधन झालें. असें थोडेंसें पीठ दाट शिजलेल्या लापशींत मिसळलें असतां ती पाहतां पाहतां पातळ होते, हें तेथें दिसून आलें. आजीच्या हाताला जें ठाऊक होतें, त्याचें कारण अशा रीतीनें शास्त्रानें सांगितलें.

लीबिगचें सूप करावयास मात्र वेळ आणि निगुती लागे. स्वित्झर्लंडमधील व्हेवे या गांवीं आँरी नेस्ले यानें १८६७ सालीं ही अडचण दूर केली. दूध, गव्हाचें भाजलेलें पीठ आणि साखर यांची त्यानें कोरडी भुकटी बनविली. तींत पाणी घालून ती शिजविली कीं बाळाचें अन्न सिद्ध! शहरांत ताजें, निर्भेळ दूध दुर्मिळ होतें, त्या काळीं हा लाभ लहान नव्हता. ज्या बाळाची आई दगावली, किंवा जिला दूधच उतरलें नाहीं, त्या बाळाला या भुकटीनें आधार दिला, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु ‘केवळ पाणी घाला’ या सोप्या सूचनेंतच पुढील शंभर वर्षांचें संकट दडलेलें होतें.

पहिलें संकट भांड्याचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांब रबरी नळी जोडलेल्या कांचेच्या बाटल्या युरोपांत फार लोकप्रिय झाल्या. नळीचें टोंक तोंडांत देऊन बाळाला निजवून ठेवलें कीं आई कामाला मोकळी. पण ती नळी आंतून कधींच स्वच्छ होत नसे. दुधाचा थर तींत आंबे, जंतु माजत, आणि उन्हाळा आला कीं अतिसारानें बालकें पटापट दगावत. तिला ‘खुनी बाटली’ असें नांव पडलें, आणि फ्रान्सनें १९१० सालीं कायद्यानें तिजवर बंदी घातली. तत्पूर्वींच, १८९४ सालीं, फेकां या फ्रेंच बंदरांत डॉ. लेऑं द्युफूर यांनीं ‘दुधाचा थेंब’ अशा अर्थाच्या नांवाची एक संस्था काढली होती. निर्जंतुक केलेलें दूध बाटल्यांत भरून तेथें आयांना मिळे. बाळाचें वजन केलें जाई आणि आईला चार हिताच्या गोष्टी सांगितल्या जात. १८९९ सालीं इंग्लंडांतील सेंट हेलेन्स येथें तसेंच केंद्र निघालें. दूध गाईचेंच होतें. बदललें होतें तें त्याच्या भोंवतालचें सर्व कांहीं.

दुसरें संकट श्रीमंतांच्या घरीं शिरलें. लंडनचे डॉक्टर टॉमस बार्लो यांनीं १८८३ सालीं अर्भकांच्या एका व्याधीचें सविस्तर वर्णन केलें. मुलाचे पाय दुखत, हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, अंगाला हात लावतांच तें किंचाळे. हीं मुलें उपाशी नव्हतीं. विकतच्या डब्यांतील अन्नावर तीं पोसलीं जात होतीं. तो अर्भकांचा स्कर्व्ही होता. उष्णतेनें व सांठवणीनें ज्याचा नाश होतो असें एक जीवनसत्त्व त्या अन्नांत उरलें नव्हतें. उपाय काय? ताजें दूध, उकडलेला बटाटा आणि फळांचा रस! सहाव्या महिन्यांत फळ देण्याचा काश्यपसंहितेंतील क्रम येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

तिसरें संकट याच्या उलट टोंकाचें. तें गरिबांच्या झोंपडींत आढळलें. आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट या वसाहतींत, म्हणजे आजच्या घाना देशांत, डॉ. सिसिली विल्यम्स यांना अंगावर सूज आलेलीं, कातडी सोलवटलेलीं, केंस विटलेलीं मुलें दिसलीं. धाकटें भावंडें जन्मल्यामुळें आईच्या दुधावरून दूर झालेलीं हीं मुलें केवळ मक्याच्या लापशीवर वाढत होतीं. विल्यम्स यांनीं १९३३ सालीं या व्याधीचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९३५ सालीं तिला तेथील लोकभाषेंतलेंच ‘क्वाशिओर्कर’ हें नांव दिलें. दुसरें मूल जन्मल्यावर पहिल्याला होणारा आजार, असा त्या शब्दाचा भाव. एकट्या दुधानें जसें भागत नाहीं, तसें एकट्या धान्यानेंहि भागत नाहीं. वरण-भातांतील वरणाचें महत्त्व याहून स्पष्ट कोणता पुरावा सांगेल? पुढें १९३९ सालीं सिंगापूर येथें त्याच बाईंनीं गोड आटीव दूध अर्भकांना योग्य म्हणून विकणाऱ्यांवर जाहीर व्याख्यानांत कडक शब्दांत दोषारोप केला.

मुंबईच्या बाजारांत डब्यांतील दूध या सुमारास रुळलें होतें. न्यूझीलंडमध्यें जन्मलेलें ‘ग्लॅक्सो’ हें बाळअन्न येथें विकण्यासाठीं १९२४ सालीं मुंबईंत एका कंपनीची नोंदणी झाली होती. पुढें १९५५ सालीं आणंद येथें म्हशीच्या दुधाची भुकटी बनविणारा कारखाना उभा राहिला, आणि म्हशीच्या दुधापासून बाळअन्न तयार करण्याची रीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेनें शोधून काढली. परदेशी डब्याची जागा हळूहळू देशी डबा घेऊं लागला.

पण भांड्याचा धडा अजून संपला नव्हता, आणि तो पुण्यांत मिळावयाचा होता. एक ते तीन वर्षांच्या मुलांचें यकृत कठीण होऊन तीं दगावण्याचा एक आजार भारतांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर आणि इंग्लंडमधील संशोधक यांनीं मिळून या मुलांच्या आहाराचा कसून शोध घेतला. आजारी मुलांच्या यकृतांत तांब्याचें प्रमाण अतिशय वाढलेलें होतें. बहुतेकांना लहान वयांतच वरचें दूध सुरू झालें होतें, आणि तें कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलें वा ठेवलें जात होतें. दुधांतील प्रथिनें तांबें धरून ठेवतात. घोटाघोटानें तें बाळाच्या यकृतांत सांठत गेलें. १९८३ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊं लागले. घरोघरीं पितळेची जागा स्टेनलेस स्टीलनें घेतली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. कल्हईवाल्याची हाक ऐकूं आली कीं भांडीं घेऊन धांवणाऱ्या आजीबाई नकळत नातवंडांच्या यकृताचें रक्षण करीत होत्या!

राहिलें तें पाण्याचें संकट. विहिरीचें वा नळाचें अशुद्ध पाणी, अपुरें सरपण, आणि महागडा डबा महिनाभर पुरावा म्हणून मापाहून कमी घातलेली भुकटी, या तिहींनीं गरीब देशांत असंख्य बालकांचा घास घेतला. एका हातीं जाहिरातींतील गुबगुबीत बाळ आणि दुसऱ्या हातीं गढूळ पाणी, अशी त्या आयांची स्थिति होती. जगभर याविरुद्ध ओरड झाली, तेव्हां मे १९८१ मध्यें जागतिक आरोग्य सभेनें ११८ विरुद्ध १ अशा मतांनीं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नांच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. विरुद्ध पडलेलें एकमेव मत अमेरिकेचें होतें. भारतानें १९९२ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला, आणि २००३ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकाऊ बाळअन्नाच्या जाहिरातीवरहि बंदी आली.

डबा निषिद्ध ठरला, असा याचा अर्थ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिलेली शिफारस या बाबतींत समतोल आहे. सहा महिन्यांनंतर वरचें अन्न सुरू करावें आणि आईचें दूध दोन वर्षें व त्यापुढेंहि चालूं ठेवावें. तें ज्याला मिळत नाहीं त्या बाळाला सहा महिन्यांपासून वर्षाचें होईपर्यंत भुकटीचें दूध किंवा जनावराचें दूध, दोहोंपैकीं कोणतेंहि चालतें. वर्षानंतर जनावराचें दूध पुरेसें असून मोठ्या बाळांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या खास भुकटीची गरज नाहीं. अन्नांत मात्र विविधता हवी: धान्य आणि डाळ, भाजी आणि फळ, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांच्याकडे अंडें व मासळीहि.

तीन हजार वर्षांच्या या वाटचालीनंतर हाती येतें तें फार साधें आहे. घांसलेली वाटी, उकळून निवविलेलें पाणी, चमच्यावरून ओघळून न जाणारा मऊ भात, त्यांत वरण आणि तुपाचा थेंब. आणि समोर बसून, घाई न करतां, बाळानें तोंड उघडण्याची वाट पाहणारें एक माणूस. यांपैकीं शेवटची गोष्ट कोणत्याहि डब्यांत मिळत नाहीं.