पुणे नगर वाचन मंदिर आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या नियंत्रणाचा प्रश्न

१८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ओळखली जाऊ लागली. वर्गणीदार सभासद, त्यांनी निवडलेले कार्यकारी मंडळ आणि वार्षिक सभेपुढे मांडला जाणारा हिशेब ही अशा संस्थांची प्रचलित कारभारपद्धती होय. ग्रंथालय सभासदांचे, सर्व नागरिकांचे नव्हे, ही तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते.

मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यान्वये मालमत्ता करावर उपकर बसवून ग्रंथालये स्थानिक प्राधिकरणांकडे सोपविली. महाराष्ट्राने मात्र १९६७ च्या कायद्यात उपकर टाळला. संस्था नागरिकांच्याच राहिल्या. शासनाने मान्यता, ‘अ’ ते ‘ड’ असा दर्जा, तपासणी व अनुदान एवढेच आपल्याकडे घेतले.

यामुळे मंडळांची स्वायत्तता टिकली हे निर्विवाद; तथापि तिचा भार कर्मचाऱ्यांवर पडला. नेमणूक मंडळ करते, अनुदान शासन देते आणि शासकीय वेतनश्रेणी मात्र लागू होत नाही. देवघेव सांभाळणारा, तपासणीच्या वेळी दाखल नोंदवही पुढे ठेवणारा ग्रंथपाल शासनाचा सेवक नाही, आणि त्याला पुरेसे वेतन देण्याइतकी वर्गणी मंडळाकडे बहुधा जमत नाही.