पंधरा दिवसांचा मुक्काम, एका दिवसाचे प्रदर्शन

दिल्लीहून मेरठकडे निघाले की साखर कारखान्याभोवती वाढलेले मोदीनगर लागते. कलेच्या नकाशावर या गावाचे नाव असण्याचे तसे काही कारण नव्हते. मात्र १९९७ साली येथे देशी-विदेशी चित्रकार आणि शिल्पकार सुमारे दोन आठवडे एकत्र राहिले, तेथेच काम करत राहिले आणि अखेरीस आपले काम त्यांनी लोकांसमोर मांडले. त्या मांडणीत एक गोलाकार, वरून उघडी खोली होती. तिच्या भिंती विटांच्या नव्हत्या. शेणाच्या गोवऱ्या एकीवर एक रचून त्या उभारल्या होत्या. आत जमिनीवर राख होती. बिहारमधील खगौलचे सुबोध गुप्ता यांच्या या मांडणशिल्पाचे नाव होते ‘माय मदर अँड मी’.

गोवरी चुलीत जळते, तशीच ती चितेवरही जळते. वय झालेल्या माणसाच्या ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ असे आपण मराठीत म्हणतो ते त्यामुळेच. गोवऱ्यांच्या त्या खोलीत आईचे स्वयंपाकघर आणि अखेरची राख एकाच जागी आली होती. शेणाला कलेत आणणारे गुप्ता पहिले नव्हेत; बंगळुरूच्या शीला गौडा यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभीच हे माध्यम हाताळले होते. तरीही मोदीनगरच्या मुक्कामाचे महत्त्व कमी होत नाही. ही खोली कोणत्याही व्यापारी कलादालनाच्या वातानुकूलित भिंतींमध्ये मावली नसती आणि ती विकत घेण्यासही त्या काळी कोणी पुढे आले नसते.

‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ला मराठीत अजून सोयीचा प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘निवासवृत्ती’ म्हटले तर पैशाचाच बोध होतो आणि ‘निवासी कार्यशाळा’ म्हटले की शाळेच्या सुट्टीतील शिबिर डोळ्यांसमोर येते. नुसते ‘रेसिडेन्सी’ म्हणावे तर गृहसंकुलाचीच पाटी आठवते! या व्यवस्थेत कलावंताला काही आठवडे, काही महिने, क्वचित दोन वर्षे राहण्याची आणि काम करण्याची जागा मिळते. बहुतेक ठिकाणी साहित्याचा खर्च किंवा निर्वाहभत्ताही मिळतो. निवड अर्जावरून किंवा निमंत्रणाने होते. मुदत संपताना जे झाले असेल ते लोकांना दाखवायचे असते. पूर्ण झालेले काम, अर्धवट राहिलेले काम आणि फसलेला प्रयत्नही या ‘ओपन डे’ला म्हणजेच खुल्या दिवशी पाहायला मिळतो.

आपल्याकडे प्रदर्शनाची जी कल्पना रूढ आहे, तिच्याहून हा प्रकार पुष्कळ वेगळा आहे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. तेथील दालन मिळावे म्हणून चित्रकार कित्येक वर्षे वाट पाहतात. आठवडा मिळाला की घरी पूर्ण झालेली, चौकटीत बसवलेली चित्रे आणून टांगायची, भाडे भरायचे आणि ग्राहकाची वाट पाहायची, अशी ती रीत आहे. रेसिडेन्सीच्या प्रदर्शनात काम त्याच जागेत घडलेले असते, शेजारच्या भिंतीआड काम करणारा सोबती केनियाचा किंवा क्युबाचा असू शकतो आणि विक्रीचा विषय सहसा निघत नाही. म्हणूनच अशा प्रदर्शनात ‘हे किती सुंदर आहे’ या प्रश्नापेक्षा ‘हे येथेच का घडले’ हा प्रश्न प्रेक्षकाला अधिक दूर नेतो.

मोदीनगरच्या कार्यशाळेचे बीज अमेरिकेत पडले होते. ब्रिटिश शिल्पकार अँथनी कॅरो आणि उद्योजक-संग्राहक रॉबर्ट लोडर यांनी १९८२ साली न्यूयॉर्क राज्यातील पाइन प्लेन्स येथे पहिली ‘ट्रँगल’ कार्यशाळा भरवली. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांचे कलावंत तिच्यात होते. नावातील त्रिकोण तो हाच. आयोजक कलावंतच, मुक्काम सुमारे दोन आठवड्यांचा, कलावंत वीस-पंचवीस, त्यांतले निम्मे स्थानिक आणि निम्मे बाहेरचे, अशी ही पद्धत पुढे आफ्रिकेत पोहोचली. दक्षिण आफ्रिकेत १९८५ साली ‘थुपेलो’ कार्यशाळा सुरू झाली. वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या त्या देशात काळ्या आणि गोऱ्या कलावंतांनी एका छपराखाली काम करणे ही केवळ कलाक्षेत्रातील घटना नव्हती.

भारतात हीच पद्धत ‘खोज’ या नावाने रुजली. पूजा सूद, अनिता दुबे, भारती खेर, सुबोध गुप्ता, मनीषा पारेख आदी मंडळी या प्रयत्नामागे होती. तेव्हा मांडणशिल्प, व्हिडिओ किंवा कलावंताच्या देहाधारे होणारी सादरीकरणे यांना आपल्याकडे हक्काची जागा जवळजवळ नव्हती. सरकारी संस्थांचा कारभार संथ होता आणि खासगी कलादालनांना टांगता येईल, विकता येईल असे काम हवे होते. मोदीनगरमध्ये सलग पाच वर्षे कार्यशाळा झाल्यावर ‘खोज’ने इतर शहरांची वाट धरली. २००२ साली दक्षिण दिल्लीतील खिडकी एक्स्टेन्शन या दाट वस्तीत संस्थेला कायमची जागा मिळाली. कलाशिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्यांसाठी ‘पीअर्स’ ही महिनाभराची रेसिडेन्सी २००३ पासून सुरू झाली. महाराष्ट्रातील कलामहाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी असे मार्ग माहीत करून घ्यायला हवेत. पदविका हाती आल्यावर ‘आता पुढे काय’ या प्रश्नाला आपल्याकडे अजूनही कलाशिक्षकाची नोकरी किंवा जाहिरात संस्था एवढीच उत्तरे दिली जातात.

शेजारी देशांतही अशा संस्था उभ्या राहिल्या. कोलंबोत ‘तीर्थ’, पाकिस्तानात ‘वस्ल’ आणि ढाक्यात ‘ब्रिटो’ यांनी हेच प्रारूप आपापल्या परीने राबवले. ‘वस्ल’ची पहिली कार्यशाळा २००१ साली बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरील गडानी येथे झाली. दक्षिण आशियातील कलावंतांना एकमेकांना भेटण्यापेक्षा लंडन गाठणे सोपे जावे, अशी व्हिसाची स्थिती. त्यामुळे दोन आठवड्यांच्या एकत्र मुक्कामाला येथे वेगळेच मोल होते.

कायमस्वरूपी संस्थांमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १८७० साली स्थापन झालेली ही अकादमी आता घोडदळाच्या जुन्या बराकीत आहे. सुमारे पन्नास कलावंत तेथे असतात, त्यांतले जवळपास निम्मे नेदरलँड्सबाहेरचे असतात आणि मुक्काम दोन वर्षांपर्यंत चालतो. ‘ओपन स्टुडिओज’च्या दिवसांत या सर्वांच्या खोल्यांची दारे प्रेक्षकांसाठी उघडतात. मुंबईच्या शर्मिला सामंत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथे होत्या. कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे एकमेकांना जोडून त्यांनी त्याच काळात साडी घडवली. १९७७ साली भारतातून गेलेले हे पेय १९९३ साली परतले होते. पारंपरिक नक्षी दाखवणारी, पण अंगावर नेसता न येणारी ती धातूची साडी त्या परतीवरचे भाष्यच होती. देशाबाहेर राहिल्याने देशातील वस्तू वेगळी दिसू लागते असे रेसिडेन्सीचे पुरस्कर्ते म्हणतात. एरवी घोषणेसारखे वाटणारे हे विधान या साडीपुरते तरी पटते.

मुक्काम संपवून परतलेल्या कलावंतांनी आपापल्या देशांत गट उभे केले. मुंबईतील ‘ओपन सर्कल’मध्ये सामंत आणि तुषार जोग होते. जाकार्ताचा ‘रुआंग्रुपा’ हा गट २००० साली स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांपैकी आदे दारमावान हे राइक्सअकादमीत राहून आलेले. याच गटाने २०२२ साली जर्मनीतील कासेल येथील पंधराव्या ‘डॉक्युमेंटा’चे नियोजन केले.

या साऱ्यात अडचणीही आहेत. पंधरा दिवसांत एखादे गाव समजत नाही. परक्या जागी गेलेला कलावंत पुष्कळदा समोर दिसेल ते स्थानिक साहित्य उचलतो आणि तेवढ्यालाच स्थानिकतेचा शोध म्हणून मोकळा होतो. अनुदान देणाऱ्याला अखेरीस काहीतरी दाखवायचे असते. मग ‘निष्पत्तीचा आग्रह नाही’ हे वाक्य कागदावरच राहते. अनुदानही कायमचे नसते. नेदरलँड्समध्ये २०१३ पासून सांस्कृतिक खर्चात मोठी कपात झाली आणि तिची झळ राइक्सअकादमीसारख्या संस्थांनाही बसली. शिवाय खुल्या दिवशी येणारा प्रेक्षक बहुधा कलाक्षेत्रातलाच असतो. ज्या गल्लीत हे सारे घडते तिथल्या रहिवाशाला त्या दाराआड काय चालले आहे, याचा पत्ता नसतो.

यातील शेवटच्या अडचणीशी थेट झटापट केली ती मुंबईच्या शायना आनंद यांनी. खिडकी एक्स्टेन्शनमध्ये २००६ साली त्यांनी ‘खिडकीयान’ हा प्रयोग केला. दुकानांवर पाळत ठेवायला वापरतात तसले स्वस्त कॅमेरे, केबल, माइक आणि साधे टीव्ही संच त्यांनी वस्तीतच जोडले. पडद्याचे चार भाग होते आणि प्रत्येक भागात वस्तीतील एकेक जागा दिसत होती. एका ठिकाणची माणसे दुसऱ्या ठिकाणच्या माणसांना पाहत थेट बोलू शकत होती. हे पाहायला कलादालनात जाण्याची गरज नव्हती. प्रेक्षक आणि पात्रे एकच होती.

विकली न जाणारी अशी कामे बहुधा टिकत नाहीत. केबल गुंडाळली जाते, गोवऱ्या उचलल्या जातात. सुबोध गुप्ता यांची वाट पुढे स्टीलच्या भांड्यांकडे वळली आणि त्यांची २००६ सालची भांड्यांची महाकाय कवटी पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या कालव्याकाठी उभी राहिली. ‘खोज’च्या पहिल्या दहा वर्षांचा आढावा पूजा सूद यांनी संपादित केलेल्या ‘द खोज बुक’ या २०१० सालच्या ग्रंथात आहे. मोदीनगरला कधीही न गेलेल्या वाचकाला त्या खुल्या दिवसांपर्यंत पोहोचण्याची वाट आता अशा नोंदींमधूनच जाते.