साथीचा कायदा आणि कारभाऱ्याचा हिशेब

वांद्र्याच्या पाखाड्यांतून चालताना वळणावळणावर क्रूस भेटतात. त्यांपैकी कित्येक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत उभारले गेले. मरण उंबरठ्यावर आले असता आमच्या पूर्वजांनी देवाचा धावा केला, त्याची ही खूण. मात्र त्या दिवसांत प्लेगच्या पाठोपाठ आणखी एक पाहुणा घराघरांत शिरला होता. तो म्हणजे सरकारी हुकूम. त्याचे स्मारक कोणी उभारले नाही. परंतु कायद्याच्या पुस्तकात तो सव्वाशे वर्षे सुखरूप राहिला आणि २०२० साली पुन्हा आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्या हुकमाची कथा आम्ही येथे सांगू इच्छितो; कारण साथ ओसरली की माणसे दुःख विसरतात, आणि दुःखाबरोबर हिशेब मागायचेही विसरतात.

या कथेचा आरंभ आमच्याच समाजातील एका माणसापासून होतो. गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस हे मुंबईत वैद्यकी करीत असत व नगरपालिकेचे सभासदही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते उघडपणे सांगितले. बंदराच्या आणि व्यापाराच्या शहराला हे निदान रुचणारे नव्हते. पुढे इतर तज्ज्ञांनी ते खरे ठरविले. १९०६ साली याच व्हिएगसांना मुंबई नगरपालिकेचे अध्यक्षपद मिळाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आजही आहे. साथीशी लढण्याची पहिली पायरी म्हणजे लोकांना खरे सांगणे, हा धडा त्यांनी घालून दिला.

दुसरी पायरी सरकारने उचलली, आणि तेथे वाट चुकली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यात साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा त्याने दिली. हुकूम मोडणाऱ्यास दंड संहितेच्या १८८ व्या कलमान्वये शिक्षा ठेवली. आणि चौथ्या कलमाने, सद्हेतूने काही केले असेल तर कोणाही अंमलदारावर दावा चालणार नाही, असे अभय दिले. प्रजेने काय पाळावे हे त्यात होते. राज्यकर्त्याने काय पाळावे, याविषयी एक ओळही नव्हती. विधेयक मांडणाऱ्या जॉन वुडबर्न यांचा सूरही, अशा आणीबाणीच्या वेळी लोकांनी सरकारच्या तारतम्यावर विसंबावे, असाच होता.

हे तारतम्य कसे असते, ते पुण्याने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पाहिले. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली ८९३ अधिकारी व शिपाई शहरात उतरले. घरोघर झडती सुरू झाली. दारे फोडली गेली, स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट शिरले, सामानसुमान जाळले गेले, आयाबहिणींची तपासणी परक्या पुरुषांसमोर झाली. रोग्याला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात आले. लोकांच्या धर्मभावना जपण्याच्या सूचना कागदावर होत्या. पण त्या मोडल्या गेल्या तर तक्रार न्यायची ती त्याच अंमलदारांकडे. ज्याने मारले त्याच्याच दारी न्याय मागावा, अशी ती गत होती.

याच दिवसांत माणुसकीचे दिवेही तेवत होते, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा चालविली, आणि ती करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंना प्लेगने मृत्यू आला. लोकमान्य टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते, त्यांविषयी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात लिहिले. ख्रिस्ती झालेली ही विदुषी ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारपुढे गप्प बसली नाही, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी तेथील वृत्तपत्रात निवेदन केले. परत आल्यावर मात्र सर्वांत गंभीर आरोपाला त्यांना पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर क्षमा मागितली. देशबांधवांनी त्यांना भित्रे ठरविले. आमच्या मते त्यांनी एक अवघड कर्तव्य बजावले. सत्तेकडे हिशेब मागणाऱ्याने आपल्या शब्दाचाही हिशेब द्यावा लागतो. एरवी आरोप हीदेखील एक प्रकारची जुलूमशाहीच होते. पण येथे दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. गोखल्यांनी आपल्या एका निवेदनाबद्दल क्षमा मागितली. फोडलेल्या दारांबद्दल सरकारातील कोणी क्षमा मागितली नाही.

जेथे फिर्यादीला दार नसते, तेथे क्रोध भिंत फोडतो. २२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतताना रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मेले. रँड ३ जुलैला. दामोदर हरी चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. टिळकांना ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. चापेकरांच्या देशभक्तीचा गौरव इतिहासाने केला आहे. धर्मगुरू या नात्याने आम्ही हत्येला न्याय म्हणू शकत नाही. तरीही हत्येपर्यंत वाट कोणी नेली, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आणि या सक्तीने साधले तरी काय? डॉ. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. परंतु सरकारी माणसाच्या सावलीलाही भिणारी प्रजा त्या सुईलाही भ्याली. लोक रोगी लपवू लागले, गाव सोडून पळू लागले, आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकरवस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली, गोळीबार झाला. त्यानंतर सरकारने सक्तीची धार कमी केली आणि लोकांच्या सहकार्याने काम करण्याचा मार्ग धरला. त्याच १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत, प्लेग उंदरावरील पिसवांवाटे माणसात येतो, हे दाखवून दिले. म्हणजे शिपाई माणसांची घरे धुंडाळीत होते, तेव्हा खरा वाहक बिळात होता.

कायदा मात्र तसाच राहिला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा लागू केला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशभराच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती अमलात आली. मध्ये अवघे चार तास होते. तिला आधार होता २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा, आणि त्यातही सद्हेतूचे तेच अभय होते. साथ खोटी नव्हती. आमच्या धर्मग्रामातीलही किती घरे तिने ओस पाडली, ते आम्ही पाहिले आहे. निर्बंध हवेच होते. प्रश्न होता तो त्यांच्या हिशेबाचा. गावाकडे पायी निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी औरंगाबादजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. सप्टेंबरमध्ये संसदेत स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंविषयी विचारले गेले, तेव्हा अशी नोंद ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले. तमिळनाडूत दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पकडलेले बापलेक कोठडीतील मारहाणीनंतर दगावले.

तरीही १८९७ आणि २०२० यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आम्ही कृतज्ञतेने नोंदवितो. आता न्यायालयाचे दार होते. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी करोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक निघाले आणि त्याच दिवशी ते बदलावे लागले. पुढे वांद्र्याच्या दफनभूमीविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली. सन्मानाने मूठमाती मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने ९ जूनला, मजुरांवर टाळेबंदी मोडल्याबद्दल घातलेले खटले मागे घेण्याचा विचार करण्यास सांगितले. रँडच्या पुण्याला हे दार मिळाले असते, तर इतिहास कदाचित निराळा झाला असता.

परंतु दार असून भागत नाही, ते ठोठावणाराही लागतो. येथे आम्हांस आमची कबुली द्यावी लागेल. मंदिरे बंद झाली तेव्हा आम्ही आज्ञा पाळली, आणि तसे करणे योग्यच होते. पण मजूर चालत होते, तेव्हा अन्नाची पाकिटे वाटण्यापलीकडे आम्ही कोणता प्रश्न मोठ्याने विचारला? दया दाखविणे आम्हांस साधते. हिशेब मागताना जीभ अडखळते.

संत लूकच्या शुभवर्तमानात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो. तो दाखला आम्ही पैशाअडक्यापुरता वाचतो. खरे तर माणसांचे प्राण ज्याच्या हाती सोपविले जातात, तो सर्वांत मोठा कारभारी. पुन्हा साथ येईल, पुन्हा सत्तेला असाधारण अधिकार द्यावे लागतील. ते अवश्य द्यावेत. पण देताना त्यांची मुदत, त्यांची मर्यादा आणि तक्रारीची जागा त्याच कागदावर लिहून घ्यावी. प्लेगच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावताना पूर्वजांच्या श्रद्धेबरोबर त्यांच्या फोडलेल्या दारांचीही आठवण आम्ही ठेवली, तर ती प्रार्थना अधिक पुरी होईल.