एक पापुद्रा, एक नळी आणि आजीचा डोळा

आज एका छोट्याशा नळीचा इतिहास सांगतो. सुरुवात मात्र आमच्या वरूडच्या घरातून.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. मग तोच डोळा धुरकट व्हायला लागला. मृग बहाराच्या संत्र्याला रंग चढला का, हे जन्मभर बगिचा सांभाळलेली बाई आम्हाला विचारायची. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, लेन्स ठीक आहे, पण कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आतला थर खराब झालाय. कुणीतरी दान केलेला थर बसवावा लागेल. आजी घाबरली, "डाक्टर साहेब, दुसऱ्याचा डोया बसोता काय मले?"

तर नाही. अशा वेळी अख्खा डोळा बसवत नाहीत. पूर्वी अख्खा कॉर्निया मात्र बदलायचे. 7 डिसेंबर 1905 ला एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी माणसाच्या डोळ्यात पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं. रुग्ण होता चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर. त्यानंतर जवळपास शतकभर हीच रीत होती: गोल तुकडा कापायचा, नवा शिवायचा आणि टाके सांभाळत बसायचं.

पण आजीसारख्यांचा बिघाड फक्त सगळ्यात आतल्या थरात असतो. तिथे पेशींची एकच रांग असते. कॉर्नियात शिरलेलं पाणी उपसत राहायचं, हे त्यांचं काम. त्या मेल्या की पाणी साचतं, काच धुरकटते. आणि मेलेल्या पेशींच्या जागी आपल्या शरीरात नव्या येत नाहीत. 1998 मध्ये नेदरलँड्सच्या खेरित मेलेस यांनी फक्त मागचा थर बदलून दाखवला.

आता खरी अडचण बघा. तुकडा आठ-नऊ मिलिमीटरचा आणि डोळ्यात शिरायची वाट साधारण पाच मिलिमीटरची! सुरुवातीला डॉक्टर त्याची करंजीसारखी घडी घालून चिमट्याने आत न्यायचे. चिमटा दाबला की तिथल्या पेशी चिरडायच्या. म्हणजे ज्या पेशींसाठी सगळा खटाटोप, त्याच वाटेत मरायच्या. म्हणून इटलीच्या मास्सिमो बुसिन यांनी घसरगुंडीसारखं साधन आणलं, सिंगापूरच्या डोनाल्ड टॅन यांनी 'एंडोग्लाइड' काढलं.

2006 मध्ये मेलेस यांचीच पुढची पद्धत आली, डीमेक. यातला पापुद्रा केसापेक्षाही पातळ, 10 ते 15 मायक्रॉनचा. तो आपोआप गुंडाळला जातो आणि जपायच्या पेशी नेमक्या बाहेरच्या बाजूला येतात. चिमट्याचा प्रश्नच मिटला. मग मोतीबिंदूची घडीची लेन्स सोडायचा इंजेक्टर कामाला आला, गुळगुळीत काचेच्या नळ्याही आल्या. निळ्या रंगात बुडवलेली गुंडाळी द्रवासोबत हलकेच आत सोडायची, उलगडायची आणि खालून हवेचा बुडबुडा भरून चिकटवायची. उलटी उलगडली तर सगळं वाया.

यात आपला नागपूरचा धागाही आहे. नागपुरात डॉक्टरकी शिकलेले हरमिंदर दुआ यांनी 2013 मध्ये इंग्लंडमधून कॉर्नियातल्या एका वेगळ्या थराची नोंद केली. तो थर सोबत घेतला की पापुद्रा कमी गुंडाळतो. चेन्नईचे अमर अगरवाल आणि दुआ यांनी 2014 मध्ये यावरची पीडेक पद्धत मांडली. तिथेही पापुद्रा सोडायला लेन्सचाच इंजेक्टर! तरुण दात्याचा पापुद्रा डीमेकमध्ये फार घट्ट गुंडाळतो. इथे तोही वापरता येतो.

मला मात्र या नळीत दुसरंच काहीतरी दिसतं. कुणाच्या तरी घरात माणूस गेलाय, रडारड चालू आहे, आणि तेवढ्यात कुणीतरी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन लावतं. तो फोन झाला नाही, तर नळी कितीही भारी असो, रिकामीच.

ऑपरेशननंतर बुडबुड्यासाठी आजी छताकडे बघत उताणी पडून राहिली. पुढच्या मृग बहाराला बगिच्यात उभी राहून म्हणाली, "संत्रे अजून हिरवे हायेत. तोडू नोका."

तुमच्या घरी नेत्रदानाचं बोलणं झालंय का? आज जेवताना विषय काढा. भेटू पुढच्या भागात!