सोलापुरातील पत्रकारिता शिक्षण : उन्हाळी व डिजिटल प्रशिक्षण

सोलापूर शहरात पत्रकारिता व जनसंज्ञापनाचे उच्च शिक्षण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या केगाव येथील परिसरात आणि संलग्न महाविद्यालयांत दिले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला ४ श्रेयांक आहेत. हे काम उन्हाळी सुट्टीत पूर्ण करणे विद्यार्थ्यांना सोयीचे पडते.

पार्श्वभूमी

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. एकाच जिल्ह्याचे कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठाचे नामांतर २०१९ मध्ये झाले. शहराची पत्रपरंपरा मात्र विद्यापीठाहून कितीतरी जुनी आहे. ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ हे साप्ताहिक एकोणिसाव्या शतकात येथून निघत असे. १९३० च्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते.

उन्हाळ्यातील वार्तांकन

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पाणी हा बातमीचा मुख्य विषय होतो. उजनी धरणाच्या साठ्याची बातमी नवशिक्या बातमीदाराची चांगलीच परीक्षा घेते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर काढली जाते. त्यामुळे तो संपला की आकडा ‘उणे’ दिसू लागतो. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे २७ टीएमसी पाणी वापरले गेले, धरण कोरडे पडले असे नव्हे. गाळ वगळता बरेच पाणी तेव्हाही शिल्लक असते. हे न उमगता दिलेला मथळा वाचकाला अकारण घाबरवतो, तर हिशेब नीट मांडणारी बातमी टंचाईचे खरे स्वरूप सांगते.

निवडणूकही अनेकदा याच ऋतूत येते. २०२४ मध्ये सोलापूर व माढा लोकसभा मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान झाले. उन्हाळा सरताना आषाढी वारीचे वेध लागतात. धर्मपुरी येथे ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जिल्ह्यात प्रवेश करते.

डिजिटल प्रशिक्षण

मराठीत डिजिटल प्रशिक्षणाची सुरुवात टंकलेखनापासून करावी लागते. छपाईसाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतील मजकूर संकेतस्थळावर तसाच चिकटवला तर अगम्य चिन्हे उमटतात आणि शोधयंत्राला तो सापडत नाही. म्हणून युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक येणे ही पहिली पायरी होय. मोबाइलवरील चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संपादन त्यानंतर येते. हे तरुण विद्यार्थी बहुधा शिकवण्यापूर्वीच आत्मसात करून आलेले असतात.

पडताळणीचे तसे नाही. तिचे महत्त्व या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून अनुभवले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. मृतांमध्ये मंगळवेढा तालुक्यातील, नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेकरी भटक्या समाजाचे लोक होते. त्या काळात व्हॉट्सअॅपवरून देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील बालसुरक्षा मोहिमेसाठी तयार केलेल्या चित्रफितीचा कापलेला भाग होती. तिच्या शेवटी मूल परत सोडले जाते तो अंश गाळण्यात आला होता. त्याच वर्षी जूनमध्ये गूगल न्यूज इनिशिएटिव्हने भारतात पत्रकारांसाठी पडताळणी प्रशिक्षणाचा उपक्रम जाहीर केला. त्यातील सात भाषांत मराठी, तेलुगू व कन्नड यांचा समावेश होता.

सोलापूरच्या दृष्टीने ही भाषांची यादी बोलकी आहे. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू व हिंदी बोलली जाते आणि अफवा एका भाषेतून दुसरीत जाताना बदलत जाते. पडताळणी शिकणाऱ्याला छायाचित्राचा उलट शोध घेणे, चित्रफितीतील फलक, वाहनांचे क्रमांक व बोली ओळखणे, मूळ प्रसारणाची तारीख शोधणे आणि स्थानिक पोलीस ठाण्याकडून खातरजमा करणे ही कामे जमावी लागतात. वारीच्या गर्दीचे जुने छायाचित्र यंदाचे म्हणून फिरते तेव्हाही हीच पद्धत कामी येते. तेलुगू किंवा कन्नड घरातून आलेला विद्यार्थी अशा वेळी संपूर्ण वर्गाला उपयोगी पडतो. कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा तो लवकर सांगू शकतो की चित्रफितीतील बोली कुठली आहे.