एका कराराच्या दोन भाषा

कचेरीत माझ्या टेबलापुढे रोज कुणीतरी इंग्रजी अर्जावर मराठीत सही करतो. वरचा मजकूर त्याला कळत नसतो. "साहेब, सही कुठे करू?" एवढेच तो विचारतो. अशा वेळी मला हटकून न्यूझीलंडमधले वायतांगी आठवते.

६ फेब्रुवारी १८४० रोजी तिथे ब्रिटिश राणीचा प्रतिनिधी विल्यम हॉब्सन आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. मसुदा इंग्रजीत होता. हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने मुलाच्या मदतीने एका रात्रीत तो माओरीत उतरवला. इंग्रजी प्रतीत सरदार आपले सार्वभौमत्व राणीला देतात. माओरी प्रतीत मात्र ते 'कावानातांगा' देतात, म्हणजे गव्हर्नरचा कारभार! हा शब्द 'गव्हर्नर'वरूनच घडवलेला. उलट दुसऱ्या कलमात जमिनी, गावे आणि ठेवा यांवरची 'रांगातिरातांगा', म्हणजे सरदारकी, माओरींकडेच राहील असे वचन आहे. पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या किंवा खुणा केल्या, त्या बहुतेक माओरी प्रतीवर.

योग्य शब्द नव्हता असेही नाही. १८३५ च्या माओरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सार्वभौम सत्तेसाठी 'माना' हा शब्द आलाच होता. राणीला 'माना' द्या म्हटले असते तर किती सरदार पुढे आले असते?

पुढे जमिनी गेल्या, युद्धे झाली. १८७७ साली मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी हा करार कायद्याने शून्य ठरवला. १९७५ साली वायतांगी ट्रिब्युनल स्थापन झाले. १८४० पासूनची गाऱ्हाणी ऐकण्याचा अधिकार त्याला १९८५ मध्ये मिळाला. २०१४ साली ट्रिब्युनलने निष्कर्ष दिला की त्या फेब्रुवारीत सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलेच नव्हते. सरकारचे उत्तर : सार्वभौमत्व आमचेच, त्यात शंका नाही.

मग त्या राज्याचा पाया कोणता? पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेल्या गोऱ्यांना परत जा म्हणणे शक्य नाही, आणि माओरीही तसे म्हणत नाहीत. आपण वाचलेला करार पाळा, एवढेच त्यांचे मागणे. कराराची तत्त्वे संसदेने नव्याने ठरवावीत असे विधेयक आले, तेव्हा हजारो लोक चालत वेलिंग्टनला गेले. एप्रिल २०२५ मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले.

असो. मी हल्ली सहीआधी अर्ज मराठीत वाचून दाखवतो. रांग लांबते, मागचे कुरकुरतात. पण परवा एक आजोबा ऐकून म्हणाले, "असे लिहिलेय? मग नको." आणि पेन ठेवून निघून गेले.